चेहरा समोर असताना

माझा हात पहिल्यांदा थरथरला तेव्हा दुकानात गर्दी नव्हती. पावसाळ्याचे दिवस, बाजार थंड. एक म्हातारे गृहस्थ खुर्चीत डोळे मिटून बसले होते. मी त्यांच्या हनुवटीखाली वस्तरा टेकवला आणि पातं हललं. कापलं नाही, फक्त हललं. उचलून पुसलं, पुन्हा टेकवलं, पुन्हा तेच. शेवटी डाव्या हातानं उजवं मनगट धरून ती दाढी कशीबशी संपवली. गृहस्थांना काही कळलं नाही. ते तुरटी लावून, पैसे देऊन, छत्री उघडून गेले. कळलं ते आबांना.

आबा म्हणजे सलूनचे मालक. कट्टा गावच्या बाजारात एस.टी. थांबते तिथून चार दुकानं सोडून त्यांचं सलून आहे. दोन खुर्च्या, दोन आरसे. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आबांनी वस्तरा सोडला. जुने दोस्त आले तर त्यांचे केस तेवढे कापतात, बाकी वेळ गल्ल्यामागं बसून येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलतात. दाढ्या सगळ्या माझ्याकडं. म्हणजे माझा हात गेला तर दुकानाचा अर्धा धंदा गेला, इतकं सरळ होतं ते.

मी मूळचा परभणीकडचा. चुलत मामा कुडाळला एका सलूनमध्ये होता, त्यानं आबांकडं आणून सोडलं. आलो तेव्हा मला इकडची भाषा कळत नव्हती, जेवणात मासळीचा वास आला की ताट बाजूला सारायचो, आणि रात्री माडांचा आवाज पावसासारखा वाटून मी उठून बसायचो. आबांनी माजघरातली खोली दिली. त्यांच्या बायकोनं, मी तिला आई म्हणतो, कित्येक महिने माझ्यासाठी वेगळी डाळ शिजवली. असं कोण करतं परक्यासाठी? मी ते विसरू शकत नाही, आणि खरं सांगायचं तर त्याचंच ओझं जास्त होतं. ज्यांनी इतकं केलं त्यांच्या गिऱ्हाइकाच्या गळ्यावर आपला हात हलतोय.

त्यातून माझ्या वडिलांचा हातही असाच गेला होता. गावात ते घरोघर जाऊन दाढ्या करायचे. आधी बोटं हलायला लागली, मग मनगट. लोक चांगले होते, कोणी तोंडावर बोललं नाही. फक्त एकेका घरचं बोलावणं थांबलं. मी तेव्हा आठवीत होतो. एका सकाळी माझ्या सख्ख्या आईनं त्यांची वस्तरा-कैचीची धोकटी माझ्या खांद्याला अडकवली आणि म्हणाली, "जा बापू, पाटलांकडं आज तू जा." शाळेत पुन्हा गेलो तो फक्त दाखला आणायला.

म्हणून हात हलला की मला वाटायचं, आलं ते. कुडाळच्या डॉक्टरांनी हात लांब करायला लावला, बोटं नाकाला लावायला लावली, कागदावर गोल काढायला लावला. म्हणाले, "वडिलांचा आजार तुम्हाला नाही. हे टेन्शनचं आहे. काळजी कमी करा." मी मान हलवली. काळजी कमी कशी करतात हे विचारायचं धाडस झालं नाही. बाहेर बाकावर बसलेल्या माणसाचा नंबर आला होता.

आबांनी दिवाळीपर्यंत वाट बघितली. मग एका दुपारी दुकान रिकामं असताना म्हणाले,

"रे, जत्रेक मी एक कारागीर बोलावतंय."

मी केर काढत होतो. काढत राहिलो.

"तुका काढतंय असा नाय. पण जत्रेक काय गर्दी जाता ता तुका ठावक आसा. तुजो हात तोवर बसलो तर बरा. नाय तर तेका ठेवचो लागतलो. दोघांका पोसण्याइतक्या दुकान नाय रे माजा."

"बरं आबा," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? त्यांचं चूक नव्हतं.

जत्रा म्हणजे मसुऱ्याची, आंगणेवाडीच्या भराडीदेवीची. तिची तारीख पंचांगात नसते. तिथी ठरलेली नाही, वार ठरलेला नाही. गावची माणसं देवीला कौल लावतात, देवी होकार देते, मग तारीख जाहीर होते आणि मग मुंबईची माणसं गाड्यांच्या तिकिटांसाठी धावतात. दिवाळी संपली की आमच्या दुकानात प्रत्येक खुर्चीवरून तोच प्रश्न, "तारीख झाली काय?" लोकांना तो विचारताना आनंद व्हायचा. मी खाली पडलेले केस झाडायला लागायचो. आपली मुदत कधी संपणार हेसुद्धा आपल्याला माहीत नाही, देवीला माहीत.

वाचनालयाच्या फळ्यावर व्यक्तिचित्रांच्या वर्गाची सूचना लागली ती याच दिवसांत. आबांनी ती वाचली आणि दुकानात येऊन मला सांगितली. दर सोमवारी दुपारी, वाचनालयाच्या वरच्या खोलीत, कोणीही यावं, शिक्षणाची अट नाही.

"सोमवारी दुकान बंदच आसता. जा थंय," आबा म्हणाले.

"आबा, मला चित्र येत नाही."

"माका खंय येता? हाताक वायच दुसरा काम दी. पेन्सिलीन कोणाचो गळो कापणा नाय."

गेलो मी. आबांचा शब्द मोडता येत नाही म्हणून गेलो. जिन्यावर तीनदा थांबलो. वर खोलीत सातआठ माणसं सतरंजीवर बसली होती, बहुतेक मुली, कॉलेजात जाणाऱ्या. मी दाराशेजारी बसलो, चपला हाताला येतील अशा बेतानं.

शिकवणाऱ्या बाई जवळच्याच गावच्या, चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. पांढरे केस, बोटांना काळं लागलेलं. म्हणाल्या, "इथं मला चित्रकार घडवायचे नाहीत. समोरच्या माणसाकडं नीट बघायचं, आणि तो आपल्याकडं बघत असताना पळून जायचं नाही, एवढंच शिकायचं आहे. खोडरबर कोणी आणला असेल तर पिशवीत ठेवा."

पहिल्या दिवशी त्यांनी सांगितलं, रोज दिसणारा एक चेहरा आठवून काढा. मुली आया-आज्यांचे चेहरे काढायला लागल्या. मला रोज दिसतात ती गिऱ्हाइकं. मी एका निवृत्त कंडक्टरांचा चेहरा काढला. लांब नाक, भुवया दाट आणि उजव्या गालावर चामखीळ. त्या चामखिळीला मी किती वर्षं सांभाळून वळसा घालतोय, ती विसरणं शक्यच नव्हतं. रेघा वाकड्यातिकड्या आल्या, पण माणूस ओळखू येत होता.

शेजारी एक मासे विकणारी मावशी बसली होती. सकाळी तिची टोपली रिकामी झाली की दुपारच्या गाडीपर्यंत तिला बाजारातच बसावं लागे, म्हणून ती वर यायची. "खाली ऊन आसा, हडे पंखो आसा," एवढंच तिचं कारण. तिनं माझ्या कागदावर मान वाकवली.

"ह्यो तर कंडक्टर! पण चामखीळ ह्या गालार खंयसून इली?"

"उजव्या गालावरच आहे मावशी."

"उजव्या आसा. तू डाव्या काढलंस."

"उजव्याच काढलीय. ही काय, उजवीकडं."

"बाई, ह्याका सांगा गो वायच!"

बाई आल्या, बघितलं, हसल्या नाहीत. मावशी मात्र खिडकीशी गेली. कंडक्टर खाली चहाच्या टपरीवर बसलेले तिला दिसत होते. तिनं हाक घातली, "ओ कंडक्टर, वर येवा! तुमचो गाल बघूचो आसा!" खालची सगळी टपरी वर बघायला लागली. मला वाटलं जमिनीनं दुभंगून आत घ्यावं. कंडक्टर जिना चढून आले, "कोण मेलो गालाच्या मागे लागलो?" म्हणत, आणि बाईंनी त्यांना माझ्या कागदाशेजारी उभं केलं.

चामखीळ उलट्या बाजूला होती. त्यांचा उजवा गाल समोरून बघणाऱ्याच्या डाव्या हाताला येतो. सगळ्या जगाला तसाच दिसतो. मला तो तसा कधी दिसलाच नव्हता, कारण मी त्यांच्या मागं उभा राहतो आणि त्यांचा चेहरा आरशात बघतो. इतकी वर्षं. नुसता कंडक्टरांचा नाही, गावातल्या प्रत्येकाचा. दाढी करताना समोर वाकतो तेव्हा मला गाल दिसतो, गळा दिसतो, कातडी दिसते. चेहरा म्हणून जो काही लक्षात राहतो तो आरशातला.

"न्हाव्यानं काढलेलं चित्र आहे, हे कोणीही सांगेल," बाई म्हणाल्या. मला ते लागलं. पण त्या पुढं म्हणाल्या, "दुसऱ्या कोणाकडून ही चूक होणारच नाही. ठेव हे." मग ते लागलेलं जरा उतरलं.

घरी जाताना मी विचार करत होतो. समोरून का बघत नाही मी? वडिलांनी शिकवलेली पहिली गोष्ट ती होती. वस्तरा कसा धरायचा हे नंतर. आधी हे की गिऱ्हाइकाच्या डोळ्यात बघायचं नाही. मोठ्या घरची माणसं असतात, त्यांना आवडत नाही. नजर पात्यावर. विचारलं तेवढंच बोलायचं. गावात ते बरोबरच असेल. इकडं कोणी तसं सांगितलं नव्हतं, मी आपला तेच घेऊन आलो होतो. त्यात माझी भाषा वेगळी. सुरुवातीला कोणी "खंयचो तू?" विचारलं आणि मी उत्तर दिलं की आजूबाजूची माणसं हसायची. वाईट हसायची नाहीत, पण हसायची. मग मी बोलणंच कमी केलं. आबांना लोक विचारायचे, "आबानु, मुको न्हावी खंयसून हाडलात?" न्हाव्यानं गप्प राहावं ही कट्ट्याच्या बाजारात कोणी न ऐकलेली गोष्ट.

पुढच्या सोमवारी बाईंनी जोड्या लावल्या. समोरासमोर बसायचं आणि एकमेकांना काढायचं. माझ्या समोर मावशी आली. ती मांडी ठोकून बसली, पदर सारखा केला, आणि माझ्याकडं थेट बघायला लागली. डोळे तांबूस, उन्हानं बारीक झालेले. मी कागदाकडं बघितलं. मग तिच्या कानाकडं. मग पुन्हा कागदाकडं.

"ह्यो माका बघताच नाय बाई. माजा तोंड काय जमनीर पडला?"

मुली हसल्या. बाईंनी त्यांना गप्प केलं नाही. मला म्हणाल्या, "घाई नाही. डोळे शेवटी काढ. आधी बघायची सवय होऊ दे."

मी रेघ ओढायला लागलो आणि हात थरथरला. तिच्या गालाची रेघ लाटेसारखी वरखाली होत गेली. खोडायला काही नव्हतं.

"माजो गाल पाण्यात सोडलंस काय रे?" मावशी म्हणाली.

मला वाटतं त्या खोलीत मी पहिल्यांदा हसलो ते तेव्हा. हसलो, पण डोळ्यात पाणी पण आलं, ते मी बाहीनं पुसलं. बाईंनी बघितलं असावं. वर्ग संपल्यावर सगळे गेले, मी सतरंज्या गुंडाळत होतो. त्यांनी विचारलं, हात केव्हापासून? मी सगळं सांगितलं, वडिलांचं, जत्रेचं, येणाऱ्या कारागिराचं. त्यांनी ऐकून घेतलं. उपाय काही सांगितला नाही. म्हणाल्या, "पुढच्या वेळी काढताना बोलत राहा. काहीही बोल."

काय बोलणार, हा प्रश्न मला आठवडाभर पुरला. पण मावशीसमोर तो प्रश्न येत नाही. ती स्वतःच सुरू झाली.

"तुजा गाव खंय?"

"परभणीकडं."

"थंय दर्या आसा?"

"नाही. एक ओढा हाय. तोबी उन्हाळ्यात आटतो."

"मगे तुमी मासे खंयचे खातास?"

"खात नाही. ज्वारीची भाकर, ठेचा, डाळ."

"रोज?"

"रोज."

तिनं कपाळाला हात लावला. मग फार कळवळून म्हणाली, "अरे देवा. आनी आवशीन तुका असोच वाढवलो?"

मी सांगत गेलो. ज्वारीच्या हुरड्याचं सांगितलं, थंडीत रानात आगटी करून कणसं भाजतात, लहानमोठे गोल करून बसतात, हाताला राख लागते. आमच्याकडं आकाश केवढं मोठं असतं ते सांगितलं. इथं झाडांमुळं आकाश तुकड्यातुकड्यानं दिसतं. मी माझ्याच भाषेत बोलत होतो, हाय-न्हाई करत, आणि मावशी हसत नव्हती. मधेमधे "मगे?" म्हणत होती. एकदा म्हणाली, "गावाक जातस की नाय?" मी म्हटलं, सणाला एखाद्या वेळी. तिथं आता भाऊ बघतो सगळं, मला जागा नाही. हे मी कोणालाच बोललो नव्हतो. आबांनासुद्धा नाही.

केव्हातरी खाली बघितलं तर तिच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत एक सलग रेघ उतरली होती. कुठं हललेली नव्हती. ती बघितली आणि हात लगेच पुन्हा थरथरायला लागला. हे असंच असतं. बरं वाटतंय हे लक्षात आलं की ते जातं.

तारीख जाहीर झाली ती त्याच आठवड्यात. सकाळी दुकान उघडत होतो, पेपरवाला सायकलवरून ओरडत गेला, "तारीख झाली रे!" समोरच्या किराणा दुकानदारानं हात जोडले. आबांनी आतून विचारलं, "खंयची?" आणि ऐकून लगेच फोन लावायला बसले. मी खुर्च्या पुसत होतो. ते कोणाला फोन लावतायत ते मला ठाऊक होतं.

जत्रेआधीच्या शेवटच्या वर्गात मावशीनं मला काढलं. आधी ती माझंच चित्र बघत बसायची, स्वतः काढायला तयार नव्हती. "माका पेन्सिल धरूक येणा नाय, सुरी धरूक येता." बाईंनी तिच्या हातात कोळशाचा तुकडा दिला, तो तिला आवडला. बराच वेळ जीभ बाहेर काढून ती खरडत होती. मग कागद माझ्यासमोर धरला.

डोकं भोपळ्याएवढं. कान सुपासारखे. केसांचा भांग मात्र नीट काढलेला. आणि डोळ्यांच्या जागी काही नाही. कोरा कागद.

"डोळे काढायचे राहिले मावशी."

"रवले नाय. माका दिसूकच नाय. तू वर बघतस खंय? भांग दिसता तुजो, तो काढलंय."

मुली पुन्हा हसल्या. मला हसू आलं नाही. आमच्या घरी भिंतीवर वडिलांचा एक फोटो आहे, कोणाच्या तरी लग्नातला. त्यातही त्यांची मान खाली आहे, भांग दिसतो. फोटोवाल्यानं "वर बघा" म्हटलं असणार. त्यांना जमलं नसणार.

"बस हडे," मावशी म्हणाली, "आता बघ माज्याकडे. मी खातंय तुका?"

मी बघितलं. किती वेळ ते सांगता येणार नाही, तिला डोळे काढून होईपर्यंत. ती एकदा माझ्याकडं, एकदा कागदाकडं, असं करत होती. दोन वेगवेगळ्या आकाराचे डोळे तिनं काढले, एक फार मोठा झाला. मग कागद लांब धरून म्हणाली, "सरंग्यासारखो दिसतस. पण ताजो." सरंगा म्हणजे पापलेट, आणि मासे विकणाऱ्या बाईकडून ताजा हा शब्द मोठा आहे, हे इतक्या वर्षांत मला कळलेलं होतं.

माझा हात बरा झाला असं काही झालं नाही. हे लिहून ठेवलं पाहिजे. कागदावर कधी राहायचा, कधी नाही. वस्तऱ्यावर तर फारच भरवसा नव्हता. मी गिऱ्हाइकांना जास्त करून केस कापायला घ्यायचो आणि दाढी म्हटली की "मशीन मारू का?" विचारायचो.

नवा कारागीर जत्रेच्या आठवड्यात आला, कोल्हापूरचा. चांगला मुलगा. हात भरभर चालायचा, तोंड त्याहून भरभर. आल्या दिवशी त्यानं आईंना मासे साफ करून दिले, आबांच्या रेडिओची वायर जोडली. त्याचा राग यावा असं त्याच्यात काही नव्हतं, त्यामुळं मला आणखी थकवा यायचा. तो आबांच्या खुर्चीमागं उभा राहिला. लोक त्याच्याकडं थांबायला लागले, माझी खुर्ची रिकामी दिसली तरी. मी टॉवेल वाळत घालायचो, ब्लेडची पाकिटं लावून ठेवायचो. रात्री खोलीत पडल्यावर आमच्या गावाकडच्या गाड्यांच्या वेळा आठवायचो. बॅग कॉटखालून काढून कॉटवर ठेवली होती, भरली नव्हती.

जत्रेच्या आदल्या सकाळी दुकानाबाहेर बाकावर जागा नव्हती. मुंबईहून रातोरात आलेले लोक, डोळे सुजलेले, दाढ्या वाढलेल्या, गावाकडं जायच्या आधी जरा माणसात यायला आमच्याकडं आलेले. एक पोट सुटलेले गृहस्थ नव्या कारागिराकडं थांबायला कंटाळले आणि थेट माझ्या खुर्चीत येऊन बसले.

"दाढी."

मी मशीनचं विचारणार होतो. त्यांनी डोळे मिटून मान मागं टाकली होती. आबा गल्ल्यामागून बघत होते. मी कापड बांधलं, साबण लावला, नवं ब्लेड घातलं. कानाजवळून सुरुवात केली, ती ठीक गेली. गालही गेला. मग मी दोन बोटांनी त्यांची हनुवटी वर केली, गळ्याशी पातं नेलं, आणि हात हलला.

मी वस्तरा बाजूला घेतला. नेहमी अशा वेळी मी काहीतरी करायचो, ब्लेड पुन्हा पुसायचो, पाण्याची बाटली शोधायचो, म्हणजे कोणाला कळू नये. त्या दिवशी ते सगळं करायचा फार कंटाळा आला. इतक्या महिन्यांचा कंटाळा. लपवण्यातच सगळी ताकद चालली होती. मी खुर्चीच्या पुढं आलो, त्यांच्यासमोर उभा राहिलो.

"साहेब."

त्यांनी डोळे उघडले. मी त्यांच्याकडं बघितलं.

"माझा हात थरथरतोय जरा. मधूनमधून होतं असं. जरा थांबतो, मग करतो. तुम्हाला चालत नसंल तर तिकडं बसा, मी साबण पुसून देतो."

शेजारच्या खुर्चीवरची कैची थांबली. साबण लावलेले गृहस्थ माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले,

"मी रातभर गाडयेत बसान इलंय. माका खंय घाई आसा? थांब तू, मीय जरा डोळो लावतंय."

आणि त्यांनी खरंच डोळे मिटले. बाकावरून कोणीतरी म्हणालं, "झोपलो तर घोरतलो हां तो, माजो भाव आसा!" आणि लोक हसले. मी हात खाली सोडून उभा राहिलो. मग वाकून विचारलं, "गाव कुठलं साहेब?" त्यांनी डोळे न उघडता सांगितलं, मग घराचं सांगितलं, घराला कुलूप असतं, देवघरात कोण दिवा लावतं, मागच्या फणसाचं काय झालं. ते बोलत होते, मी विचारत होतो, आणि गळ्याची दाढी होत होती. सावकाश. इतकी सावकाश की तेवढ्यात कोल्हापूरकरानं दोन गिऱ्हाइकं उरकली. मधे एकदा पुन्हा थांबावं लागलं. मी सांगितलं, थांबतो. ते म्हणाले, थांब.

जत्रा झाली. यात्रेकरूंच्या गाड्या परत गेल्या, बाजारात नारळाच्या शेंड्या आणि रिकाम्या पाण्याच्या बाटल्या राहिल्या. आबांनी दुकान बंद करताना गल्ला उघडला नाही, नुसते त्याच्यावर हात ठेवून बसले. मी कॉटवरच्या बॅगेचा विचार करत होतो.

"तो परवा जातलो," आबा म्हणाले. "तेका कोल्हापुराक स्वतःचा दुकान काढूचा आसा. तू रव."

"आबा, माझा हात पूर्ण बरा नाही."

"बघलंय मी. डोळे माजे तेवढे गेले नाय." त्यांनी चष्मा काढून धोतराला पुसला. "पण एक आयक. साबण लावच्या आधी सांगूचा. साबण लावल्यार माणूस अडाकता, तेका उठाक लाज वाटता. आधी सांग, मगे ज्याका बसूचा तो बसतलो."

"बरं आबा."

"आनी मुको न्हावी म्हणान लोक माका हसत, ता आता बंद."

तेव्हापासून मी तसंच करतो. कापड बांधलं की पुढं येतो आणि सांगतो. सकाळी पहिल्या गिऱ्हाइकाला सांगताना अजून जीभ कोरडी पडते. बरेच जण म्हणतात, कर रे, आम्ही खंय पळतंव. काहीजण माझ्याकडं बघतात, घड्याळ बघतात आणि बाजाराच्या दुसऱ्या टोकाच्या सलूनमध्ये जातात. त्यांचंही बरोबर आहे, गळा त्यांचा आहे. मी त्यांच्या मानेमागची गाठ सोडतो, कापड दारात झटकतो, आणि बाकावरच्या पुढच्या माणसाला म्हणतो, या, बसा.